घाटात पिकअप जातो, बंद-चालू केली की परत येतो: टर्बोवर खर्च करण्याआधी काय तपासायचं

लक्षण ओळखीचं आहे. चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही, रनिंग लाखाच्या आसपास. गावात तक्रार नाही, हायवेला तक्रार नाही. कुंभार्ली नाहीतर पसरणीच्या घाटात चार माणसं आणि सामान भरून तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मान टाकते. पिवळा इंजिनाचा दिवा लागतो, आरपीएम अडीच हजाराच्या वर चढत नाही, मागचा एसटीवाला हॉर्न मारायला लागतो. बाजूला घेऊन बंद केली आणि मिनिटभराने चालू केली की गाडी ठणठणीत. पुढच्या चढाला परत तेच.

गॅरेजला नेल्यावर स्कॅनर लावतात, कोड (दोषाची नोंद) उडवतात, पाच-सहाशे रुपये घेतात. चार दिवसांनी दिवा हजर. मग कुणीतरी इनटेकचा पाईप काढतो, आत बोट फिरवतो, बोटाला लागलेलं ऑइल दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, टर्बो गेला." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नव्याचा आकडा पन्नास हजारांच्या घरात. एवढा खर्च करूनही गाडी घाटात मान टाकतेच, असे लोक मी पाहिलेत. माझ्या पाहण्यात या तक्रारीमागे टर्बो क्वचित असतो. बहुतेक वेळा दोष हवेच्या पाईपमध्ये, ईजीआरमध्ये (धूर इंजिनात परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) किंवा बोटाएवढ्या व्हॅक्यूमच्या नळीत निघतो. म्हणून तपासणी स्वस्तातल्या गोष्टीपासून महागाकडे करत जायची.

खाली दिलेले खर्च पुणे-साताऱ्याकडच्या चांगल्या बाहेरच्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. कंपनीच्या वर्कशॉपला मजुरी दीडपट-दुप्पट धरा.

बंद-चालू केल्यावर बरी का होते

इंजिनाचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, सतत दोन आकडे ताडून बघत असतो: बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) किती हवाय आणि प्रत्यक्षात किती मिळतोय. सपाट रस्त्यावर मागणीच कमी, त्यामुळे थोडीफार गळती खपून जाते. चढाला कमी आरपीएमवर जास्त ओढ लागते. पहिल्या ब्रेझाच्या १२४८ सीसी डिझेलचंच बघा, २०० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमला मिळतो. एवढ्या लहान इंजिनातून तेवढा जोर निघतो तो टर्बोच्या हवेवरच. ती हवा वाटेत कुठे निसटली की दोन आकड्यांत फरक पडतो. फरक काही सेकंद टिकला की ईसीएम कोड नोंदवतो आणि इंजिन सांभाळायला डिझेल तोडतो. हाच लिंप मोड. चावी बंद केली की ईसीएम नव्याने हिशेब सुरू करतो, म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटते.

यातून एक दिलासा मिळतो. टर्बोचा शाफ्ट तुटला असता किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं असतं तर चावी फिरवून ते परत आलं नसतं. बंद-चालू केल्यावर पूर्ण पिकअप मिळत असेल, तर बिघाड बहुधा गळतीचा, अडकण्याचा किंवा सेन्सरचा आहे.

आधी धूर बघा

मागच्या गाडीत कुणाला तरी बसवा आणि चढाला धूर कोणता येतो ते बघायला सांगा. काळा धूर आणि ओढ नाही, म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय: पाईप फाटलाय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा ईजीआर उघडा अडकलाय. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेलच कमी मिळतंय, नाहीतर ईसीएमने आधीच तोडलंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे टर्बोच्या सीलवर संशय घ्यायला जागा आहे. पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर गरम इंजिनावरही येत राहिला तर इंजेक्टरकडे बघावं लागतं.

कोड उडवू देऊ नका

गॅरेजमध्ये पहिलं सांगायचं ते हे. कोडबरोबर ईसीएम 'फ्रीझ फ्रेम' साठवतो, म्हणजे दिवा लागला त्या क्षणाचा आरपीएम, वेग, लोड, इंजिनाचं तापमान. कोड उडवला की हा पुरावाही जातो. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीचे कोड वाचणारं यंत्र) हजार-बाराशेत मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर सगळं दिसतं. ज्यांच्याकडे डिझेल गाडी आहे त्यांनी तो डॅशबोर्डच्या खणात ठेवावाच.

या तक्रारीत बहुतेकदा दिसणारे कोड असे: पी ०२९९, बूस्ट कमी पडतोय. पी ०४०१ किंवा पी ०४०२, ईजीआरचा प्रवाह कमी किंवा जास्त. पी ०१०१, हवा मोजणाऱ्या सेन्सरचं माप पटत नाही. पी ००८७, कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) डिझेलचा दाब कमी. यांतला एकही कोड 'अमुक पार्ट बदला' असं सांगत नाही. पी ०२९९ पाहून टर्बो बदलणारा मेकॅनिक आणि ताप बघून किडनी काढणारा डॉक्टर, दोघांपासून लांब राहिलेलं बरं.

स्कॅनर हातात असेल तर एक फुकटातली तपासणी घरीच होते. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा) आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच हवा: चिपळूण-रत्नागिरीत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. आकडा दहा-पंधराने चुकत असेल तर सेन्सर काजळीने भरलाय किंवा खराब आहे. तो काढून सेन्सर क्लीनरने धुतला की बऱ्याचदा जमून जातं. खर्च क्लीनरच्या कॅनचा आणि तासाभराच्या मजुरीचा.

पाईप: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

टर्बोतून निघालेली गरम हवा इंटरकूलरकडे जाते, तिथून थंड होऊन इंजिनात. या वाटेवर रबराचे दोन-तीन जाड होज असतात. टर्बोकडच्या होजला उष्णता, आतून ऑइलची वाफ आणि दर ॲक्सिलरेटरला फुगणं-आकसणं हे तिन्ही सोसावं लागतं. चार-पाच वर्षांनी त्याच्या वळणाला, बहुतेक वेळा खालच्या अंगाला, वळ्यांच्या मधोमध बारीक चीर पडते. इंजिन आयडलवर असताना चीर मिटलेली असते. वरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही, हात फिरवला तरी लागत नाही. बूस्ट चढला की होज फुगतो, चीर उघडते आणि हवा फुसकन बाहेर जाते.

ओळखायची खूण म्हणजे ओलसरपणा. हवेबरोबर ऑइलची वाफ बाहेर पडते आणि तिच्यावर धूळ बसते. होजच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या तोंडाला किंवा समोरच्या पत्र्यावर एकाच ठिकाणी काळपट तेलकट डाग दिसला की चीर तिथेच शोधायची. इंजिन थंड असताना होज क्लिप सोडून पूर्ण काढायचा, दोन्ही हातांनी पिळायचा, वाकवायचा. मग चीर वळ्यांमध्ये हसताना दिसते. काही वेळा होज शाबूत असतो आणि क्लिप ढिली असते किंवा आतली सील रिंग चपटी झालेली असते. तीस रुपयांची रिंग.

डोळ्यांना सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात, जिथून बाहेर येतो तिथे गळती. सातशे ते पंधराशे रुपये घेतात. सगळ्या गॅरेजकडे मशीन नसतं, पण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जाण्यासाठी तीस-चाळीस किलोमीटर गेलेलं परवडतं. नवीन होज गाडीप्रमाणे दीड ते चार हजारांत येतो. चिरलेल्या होजला टेप गुंडाळून किंवा सोल्यूशन लावून फक्त घरी पोचता येतं. जाड सिलिकॉनचे लोकल होज टिकतात, पण तोंडाचं माप जुळतंय का ते बघूनच घ्या.

इंटरकूलरही विसरू नका. तो बंपरच्या मागे असतो. हायवेवर उडालेल्या खड्यांनी किंवा पार्किंगमधल्या हलक्या धक्क्याने त्याचा कोपरा गळायला लागतो.

आता त्या बोटावरच्या ऑइलबद्दल. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इनटेकमध्येच सोडलेली असते, त्यामुळे पाईपच्या आत तेलाचा पातळ हात फिरलेला असणं नेहमीचं आहे. पाईप उलटा धरल्यावर ऑइल थेंब-थेंब गळत असेल किंवा डिपस्टिकवरची पातळी महिन्याभरात खाली येत असेल, तरच काळजी करायची.

ईजीआर

जळालेल्या धुराचा काही भाग इंजिनात परत सोडून ज्वलनाचं तापमान आणि पर्यायाने नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायचे, हे ईजीआर व्हॉल्व्हचं काम. कल्पना चांगली, पण त्या धुरातली काजळी आणि ब्रीदरची तेलकट वाफ एकत्र आली की इनटेकच्या तोंडाला डांबरासारखा थर धरतो. रोज दोन-तीन किलोमीटर ऑफिस आणि बाजार, इंजिन गरम व्हायच्या आत बंद, आणि वरून 'ॲव्हरेज मिळावं' म्हणून चौथ्या गिअरला ३० च्या वेगाने ढकलत चालवायची सवय: अशा गाडीचा ईजीआर लाखभर किलोमीटरच्या आतच भरलेला निघतो. व्हॉल्व्ह थोडा उघडा अडकला की चढाला ताज्या हवेच्या जागी धूरच आत जातो. लक्षण: काळा धूर, आयडलला हलकी थरथर, ओढ नाही.

काढून साफ करायला दीड ते साडेतीन हजार. नवीन गॅस्केट घालायला लावा, जुनंच बसवलं तर तिथून नवी गळती सुरू होते. नुसता व्हॉल्व्ह न करता थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डचं तोंडही साफ व्हायला हवं. मोटर किंवा पोझिशन सेन्सर गेला असेल तर मात्र नवीन व्हॉल्व्ह, आठ हजारांपासून वीस-बावीस हजारांपर्यंत.

"ईजीआर ब्लँक करून टाकू, पाचशे रुपयांत काम" असं सांगणारे जागोजागी भेटतात. पत्र्याची चकती घालून वाट बंद करतात. काही जुन्या गाड्या तशा चालतातही. पण प्रवाह मिळेना म्हणून ईसीएम पी ०४०१ टाकतो आणि तुम्ही ज्या दिव्यासाठी आलात तोच दिवा घेऊन घरी जाता. शिवाय प्रदूषणाशी संबंधित यंत्रणा काढणं हा गाडीत बेकायदा बदल आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला परवानगी देत नाही.

व्हॅक्यूमच्या नळ्या, आणि उंदीर

बऱ्याच गाड्यांत टर्बोची भूमिती बदलती असते. आतल्या पाकळ्या कमी आरपीएमला मिटतात, जास्त आरपीएमला उघडतात. पहिल्या डिझेल ब्रेझात असा टर्बो आहे, एक्सयूव्ही ३०० च्या दीड लिटर डिझेलमध्येही आहे. या पाकळ्या हलवणारा ॲक्च्युएटर काही गाड्यांत व्हॅक्यूमवर चालतो, काहींत विजेच्या मोटरवर.

व्हॅक्यूमवाल्याची तपासणी सोपी. बॉनेट उघडा, टर्बोच्या बाजूच्या डब्यातून निघालेली सळई शोधा, दुसऱ्याला इंजिन चालू करायला सांगा. सळई ताबडतोब ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर परत आली पाहिजे. हललीच नाही तर आधी नळ्या बघा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरिंगबरोबर या पातळ नळ्याही कुरतडतात. मीटरभर नळीला शंभर-दोनशे रुपये. नळ्या धड असतील तर सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह), अडीच ते पाच हजार. व्हॅक्यूम पोचतोय पण सळई अडकत-अडकत सरकते, तर पाकळ्यांवर काजळी आहे. टर्बो उतरवून साफ करायला मजुरीसकट सहा ते दहा हजार लागतात. पाकळ्या अडकल्यावरही बंद-चालू करून तात्पुरतं बरं वाटतं, त्यामुळे पाईप स्वच्छ निघाले की पुढचा संशय इथेच.

डिझेलची बाजू

धूर नाही, कोड पी ००८७, तर डिझेल फिल्टरपासून सुरुवात. फिल्टर हजार ते अडीच हजार. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचं पाणी काढून घेत जा, ते काम पाच मिनिटांचं आहे आणि सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जातं. फिल्टर बदलूनही दाब येत नसेल तर इंजेक्टर काढून डिझेल पंप लॅबमध्ये नुसते तपासून घ्या, चार इंजेक्टरचे दोन-अडीच हजार होतात. रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल सोडणारा एखादाच निघतो. तो एक दुरुस्त करायला पाच ते आठ हजार, नवीन घ्यायचा तर बारा ते वीस हजार. चारही बदलण्याचा आग्रह धरणाऱ्याला टेस्टचा कागद मागा.

टर्बो खरंच गेलाय का

इनटेकचा पाईप काढून थंड इंजिनावर टर्बोच्या चाकाचा मधला नट बोटांत धरा. डावी-उजवीकडे अगदी किंचित हलणं चालतं, कारण शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. आत-बाहेर मात्र जाणवण्याइतकाही हलायला नको. पाती घराला घासल्याच्या खुणा, पात्यांचे तुटलेले कोपरे, चढाला सायरनसारखी शिट्टी आणि निळा धूर यांतलं काही असेल तर टर्बो उतरवा. तरीही सरळ नवा घ्यायची गरज नसते. आतला कोअर बदलून बॅलन्स करून बारा ते वीस हजारांत काम होतं, हमीसकट. आणि टर्बो का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइलची नळी गाळाने अर्धी बंद असेल तर दुसराही त्याच वाटेने जाणार.

१ एप्रिल २०२० नंतरची गाडी असेल तर

बीएस-६, म्हणजे त्या तारखेपासूनच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलमध्ये डीपीएफ आला. एक्झॉस्टमधली काजळी हा फिल्टर धरून ठेवतो आणि अधूनमधून ६०० अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकतो. त्याला एका दमात पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने धावणं लागतं. फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीत हे जाळणं दर वेळी अर्धवट सुटतं, फिल्टर भरतो, एक्झॉस्ट कोंडतो आणि गाडी घाटात तश्शीच मान टाकते. कोड वेगळा: पी २४६३ किंवा पी २००२.

डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी भरली होती त्यापेक्षा वर गेली असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर अर्धवट राहिलेल्या जाळण्याचं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. ते ऑइल आधी बदला, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचंच घाला. स्वस्तातलं साधं डिझेल ऑइल डीपीएफ कायमचा बुजवतं. स्कॅनरवरून सक्तीने जाळून घ्यायला दीड ते तीन हजार, काढून मशीनवर धुवायला आठ ते पंधरा हजार, नवीन घ्यायचा तर लाखाच्या जवळपास. ज्यांचं रोजचं जाणं-येणं दहा किलोमीटरच्या आत आहे त्यांनी सेकंडहँड बीएस-६ डिझेलच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोल घ्या.

काम झालं की नाही ते घाटातच कळतं. तीच माणसं, तेवढंच सामान, तोच चढ, आणि शेजारी बसलेल्याच्या हातात स्कॅनर. मागणीचा आणि प्रत्यक्ष बूस्टचा आकडा पूर्ण ॲक्सिलरेटरला जवळजवळ चालले पाहिजेत. गॅरेजच्या दारात रेस करून दाखवण्याला काही अर्थ नाही, उभ्या गाडीला बूस्टची मागणीच नसते.

याच गाड्यांचे बाकीचे खर्च

पुढून खड्ड्यात कट-कट आवाज: पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर, जोडी दीड-दोन हजार. मग लोअर आर्मचे बुश, आख्खा आर्म दोन ते चार हजारांना एक. शॉकर ओले झाले असतील तर जोडीनेच बदला, सहा ते नऊ हजार, आणि वरचे माउंट त्याच वेळी घाला म्हणजे मजुरी एकदाच लागते. नंतर अलाइनमेंट.

क्लच साध्या फ्लायव्हीलचा असेल तर मजुरीसकट दहा ते सोळा हजार. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल, जसा ११० पीएसच्या डिझेल डस्टरमध्ये आहे, तर खर्च चाळीस हजारांच्या पुढे जातो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आयडलला क्लच दाबून-सोडून आवाज बदलतो का ते ऐका.

टायमिंग: ब्रेझाच्या १.३ डिझेलला चेन आहे, डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्टची नोंद सर्व्हिस बुकात नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्ट पेट्रोलमध्ये बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजून फिरतो. चुकीचं ऑइल घातलं तर त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन ऑइलचा दाब पडतो, त्यामुळे त्या गाडीत ऑइलचा ग्रेड बिलावर लिहिलेला बघितल्याशिवाय सौदा करू नका.

बॅटरी चार वर्षांपुढे गेली असेल तर वरच्या कुठल्याही तपासणीआधी तिचा व्होल्टेज मोजा. सेल मारताना तो ९.६ च्या खाली जात असेल तर ईसीएम असंबद्ध कोड टाकत बसतो. डिझेलची साधी बॅटरी सहा ते नऊ हजारांना मिळते. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत त्याच प्रकारची बॅटरी घालावी लागते, ती महाग पडते.